फेंगडं पिल्लू

बादलीत पाणी अर्ध्यावर आलं तेव्हा थोरलीने नवऱ्याच्या मुठीतून एक पिल्लू काढून घेतलं. दयेपोटी नव्हे. बदकाच्या पिल्लाची दया करत बसणाऱ्या माणसांविषयी तिचं मत फार वाईट होतं. नवऱ्याने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. तो महिन्यातून चार वाक्यं बोलायचा, त्यातली तीन बदकांशी. घरात सगळे त्याला घुम्या म्हणत, अगदी तोंडावर, आणि त्याचं त्याला काही वाटत नसे याचा थोरलीला फार संताप यायचा.

"हे राहू दे," ती म्हणाली.

"चालत नाही ते," घुम्या म्हणाला. हे या महिन्यातलं चौथं.

पिल्लू खरंच चालत नव्हतं. परवा अंड्यातून निघालेलं, पिवळं, डोक्यावर एक काळा ठिपका. दोन्ही पाय दोन बाजूंना फाकलेले. पोटावर पडून ते वल्ही मारल्यासारखे पाय मारायचं आणि होतं तिथेच राहायचं. उजव्या पंजाची बोटं मूठ वळल्यासारखी आत गेली होती. या खेपेला अशी सतरा निघाली. मागच्या खेपेला चौदा, त्याच्या आधीच्या खेपेला नऊ. त्यापूर्वीची बारा वर्षं अशी फेंगडी पिल्लं वर्षाकाठी दोन-तीन निघत, आणि ती घुम्याच्या बादलीत जात, आणि त्यावर कोणी बोलत नसे.

आता बोलत होते. तळ्याकाठच्या त्या घरात गेले दोन महिने दुसरं बोलणंच नव्हतं.

उबवणीची खोली थोरलीची होती. म्हणजे घर सासूचं, तळं सासूचं, खोलीची किल्लीही सासूच्या कमरेला. रोज सकाळी ती मागून आणायची आणि संध्याकाळी परत नेऊन द्यायची. पण आत पाऊल टाकलं की खोली थोरलीची. उबवणीच्या साध्या यंत्रात तीनशे अंडी, प्रत्येकाच्या एका अंगाला पेन्सिलीची फुली. दिवसातून पाच वेळा ती अंडी हाताने फिरवायची, फुली वर, फुली खाली. अठ्ठावीस दिवस. त्या खोलीत कोणी तिला हाक मारत नसे, कोणी चहा मागत नसे. घरातल्या यच्चयावत माणसांपेक्षा न फुटलेलं अंडं बरं, असं तिचं मत होतं आणि ते तिने बारा वर्षांत कधी लपवलं नव्हतं.

मग धाकटा दीर तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला जाऊन आला. तीन दिवस. त्यातला एक जाण्यायेण्यात गेला आणि एकात फोटो काढले. येताना त्याने एक सर्टिफिकेट आणलं, त्याला सोनेरी चौकट केली आणि ते बाहेरच्या खोलीत अशा जागी लावलं की जेवताना मान वर केली की तेच दिसावं. त्या दिवसापासून थोरली मनातल्या मनात त्याला सर्टिफिकेटच म्हणायची. कधी कधी मोठ्याने.

सर्टिफिकेटने घर सुधारायला घेतलं. बाहेरच्या खोलीची आणि स्वयंपाकघराची जुनी खडबडीत फरशी उखडून आरशासारखी टाइल बसवली. तीनेक महिन्यांनी उबवणीच्या खोलीत, निघालेली पिल्लं पहिले सहा दिवस दिव्याखाली ठेवायचे जे खोके होते, त्यांतली गोणपाटं काढून टाकली आणि पांढरे गुळगुळीत प्लास्टिकचे ताव कापून बसवले. गोणपाटात जंतू असतात, ताव एका फडक्यात स्वच्छ होतो, असं तो म्हणाला. थोरलीने नाक मुरडलं. "तुमचे ताव तुम्हीच पुसा, भाऊजी," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिने त्या खोक्यांना हात लावला नाही. यंत्राच्या जाळीवरून पिल्लं उचलायची, खोक्यात सोडायची आणि पाठ फिरवायची. दाणापाणी सर्टिफिकेट घालायचा. दोन वेळा यायचा, शीळ घालत.

आणि पिल्लं फेंगडी निघू लागली तेव्हा त्यानेच शोध लावला. वहिनींचा हात पूर्वीसारखा राहिला नाही, तो आईला म्हणाला. अंडं अर्धंच फिरतं. आतलं पिल्लू एका अंगाला चिकटतं आणि त्याचे पाय वाकडे होतात. तसं पुस्तकात आहे. त्यापेक्षा अंडी आपोआप फिरवणारं यंत्र घेऊ, ते सांभाळायला माझी बायको आहेच.

सासूने ऐकून घेतलं. ती आता खाटेवरच असायची. टाइल बसवल्याच्या आठवड्यात तिचा पाय घसरला. पडली नाही, भिंत धरली. पण त्यानंतर तिने चालणं सोडलं ते सोडलंच. डॉक्टर म्हणाला वय झालं, पाय गेले. धाकट्याने तेलाची बाटली आणून दिली. खाटेवरून ती घर चालवायची, आणि खाली उतरून चालवायची त्यापेक्षा जोरात.

दर खेपेची पिल्लं विकत न्यायला येणाऱ्या टेम्पोवाल्याने मागच्या वेळी स्पष्टच सांगितलं होतं, पुन्हा पाय फाकलेलं एक जरी सापडलं तर मी दुसरीकडून घेईन. सासूने थोरलीला खाटेजवळ बोलावलं आणि निकाल दिला. ही खेप बघू. टेम्पो येईल त्या दिवशी किल्ली कोणाची ते ठरेल. धाकटीकडे गेली तर थोरलीने शेडमध्ये जायचं.

शेड म्हणजे पिसं काढायची शेड. उकळत्या पाण्याची टाकी, त्यात बुचकळलेली बदकं, ओल्या पिसांचा तो वास जो केसांतून जात नाही. धाकटी जाऊ तिथे सहा वर्षं उभी होती. तिच्या बोटांची कातडी उकडलेल्या बटाट्यासारखी सोलून निघायची. ती आजकाल थोरलीकडे बघून हसायची, आणि ते हसू थोरलीला तिच्या नवऱ्याच्या शिळेपेक्षाही लागायचं.

म्हणून ते पिल्लू. त्यात लाडाचा भाग नव्हता. थोरलीचा हिशेब सरळ होता: पाय अंड्यातच वाकडे झाले असतील तर ते बांधून सरळ होणार नाहीत. झाले, तर दोष अंड्याचा नाही आणि अंडं फिरवणाऱ्या हाताचाही नाही. मग कोणाचा, ते तिला माहीत नव्हतं. कोणाचाही असो. सर्टिफिकेटचं तोंड पाडायला एवढं पुरे होतं.

तिने पिल्लू स्वयंपाकघरात आणलं. चिकटपट्टीचा बोटभर रुंद तुकडा घेतला, मध्ये कापूस ठेवला आणि दोन्ही पायांना बेडीसारखा बांधला, मध्ये अंगठ्याएवढं अंतर सोडून. उजव्या पंजासाठी पुठ्ठ्याचा त्रिकोण कापला, वळलेली बोटं एकेक करून त्यावर पसरली आणि वरून पट्टी लावली. पिल्लू सारा वेळ ओरडत होतं. आवाज एवढासा, पण कानात सुई घातल्यासारखा.

"ओरड," ती त्याला म्हणाली. "तुला कोणी विचारलंय?"

जाऊ दारात येऊन उभी राहिली. "ताई, बूट शिवताय का त्याला?"

"हो. तुला हवेत?"

जाऊ हसली आणि पाणी पिऊन गेली. अर्ध्या तासात ही गोष्ट शेडभर झाली. संध्याकाळी सर्टिफिकेटने जेवताना विचारलं की वहिनींनी आता पिल्लांचा दवाखाना काढायचं ठरवलं आहे का, पाटी मी रंगवून देतो. घुम्या जेवत राहिला. खाटेवरून सासू म्हणाली, "बोटं सरळ करतेय म्हणे. स्वतःचा हात सरळ कर आधी."

थोरलीने ताट उचललं आणि आत गेली. अपमान तिला नवा नव्हता, पण तो पिल्लाच्या पायावरून व्हावा हे तिला फार खालच्या दर्जाचं वाटलं.

पिल्लाला तिने बांगड्यांच्या जुन्या खोक्यात ठेवलं. खाली गोणपाटाचा तुकडा, कारण घरात वाया घालवायला दुसरं काही नव्हतं. औषधाच्या दुकानातून जीवनसत्त्वाची पावडर आणून पाण्यात कालवली आणि बशीतून पाजली. ते चोच बुडवायचं, मान झटकायचं, आणि ते सगळं पाणी तिच्या तोंडावर उडायचं. खोक्यात घाण करायचं, त्या घाणीत बसायचं आणि पुन्हा तिलाच हाक मारायचं. ती दोन पावलं लांब गेली की गळा काढायचं. इतका निर्बुद्ध प्राणी देवाने का घडवला असेल, असं तिला वाटलं. मग बाहेरच्या खोलीत दिराच्या हसण्याचा आवाज आला आणि तिला वाटलं, सराव म्हणून घडवला असेल.

पहिल्या दिवशी ते बेडीसकट तोंडावर पडत राहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुढच्या खेपेची अंडी फिरवून आली तेव्हा ते उभं होतं. डुलत, गुडघे वाकवून, पण पायांवर. तिने दार लावून घेतलं आणि खाली बसून बघत राहिली. ते चार पावलं चाललं, बशीला धडकलं, बसलं. थोरलीला हसू आलं आणि त्याचा तिला राग आला.

तिसऱ्या दिवशी तिने बेडी आणि पुठ्ठा काढला. पाय सरळ. बोटं पसरलेली, एकच टोकाशी जरा वाकडं. खोकं ओलं झालं होतं म्हणून तिने पिल्लू उचलून खाली, त्या आरशासारख्या टाइलवर ठेवलं आणि गोणपाट झटकायला उठली.

पिल्लाने पाऊल उचललं. दुसरा पाय बाजूला सरकला. ते सावरायला गेलं, तर पहिलाही सरकला. मग ते पोटावर आलं आणि दोन्ही पाय दोन बाजूंना, अगदी पहिल्या दिवशीसारखे. तिथल्या तिथे वल्ही.

थोरली गोणपाट हातात घेऊन उभी राहिली. मग तिने ते खाली टाकलं आणि पिल्लू त्यावर ठेवलं. ते उठलं, शेपटी हलवली आणि चाललं. पुन्हा टाइलवर ठेवलं. घसरलं. पुन्हा गोणपाटावर. चाललं.

ती धावत उबवणीच्या खोलीत गेली. दोन महिन्यांत पहिल्यांदा ती त्या खोक्यांवर वाकली. दिव्याखाली पिवळा घोळका होता आणि त्या पांढऱ्या तावावर प्रत्येक पिल्लू निसटत होतं. जड होती ती कडेला रेलून तग धरत होती. मधली घसरायची, उठायची, घसरायची. तीन पिल्लांनी तर उठायचा नाद सोडला होता. एवढं बघायला अर्धा तासही लागला नाही. आंधळ्यालाही चाचपून कळलं असतं, आणि ती रोज पाच वेळा या खोलीत येत होती.

एकोणचाळीस, तिच्या मनात आलं. मग तिने तो आकडा बाजूला ढकलला, कारण तिला घाई होती. तीन पिल्लांचे पाय तिने तिथेच बांधले आणि त्यांना बांगड्यांच्या खोक्यात आणलं. मग अडगळीतून गोणपाटं काढली, झटकली आणि प्रत्येक खोक्याच्या अर्ध्या भागात पसरली. सगळी पिल्लं तासाभरात त्या अर्ध्यावर आली. उरलेला अर्धा ताव तिने मुद्दाम तसाच ठेवला. तो दाखवायचा होता. त्या संध्याकाळचं दाणापाणी तिनेच घातलं.

पण दाखवायचा कोणाला? दिराला दाखवून उपयोग नव्हता. त्याने चौकटीकडे बोट दाखवलं असतं. नवरा बघून गप्प बसला असता. प्रश्न सासूचा होता, आणि सासू उभ्या जन्मात दुसऱ्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवणारी नव्हती. तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल तेच खरं. खाटेवर खोकं नेलं असतं तर म्हणाली असती, तू आधी शिकवून आणलंयस.

रात्री वाढताना थोरलीने नीट पाहिलं. म्हातारी खाटेवरून उतरली, भिंतीला दोन्ही हात लावले, आणि तिचे अनवाणी पाय त्या टाइलवर बाजूला सरकले. किंचित. ती थांबली, ओठ घट्ट केले आणि परत खाटेवर बसली. "पाय गेले," ती म्हणाली. धाकट्याने तेलाची बाटली पुढे केली.

थोरलीला तिची कणव आली नाही, हे सांगायलाच हवं. बारा वर्षांत त्या बाईने तिला एकदाही नावाने हाक मारली नव्हती. पण फेंगडं कशाने होतं ते आता थोरलीला माहीत होतं.

टेम्पो यायच्या दिवशी सकाळी ती लवकर उठली. गोणपाटाच्या पट्ट्या फाडून तिने खाटेपासून बाहेरच्या दारापर्यंत अंथरल्या आणि कडा टाइलला चिकटपट्टीने चिकटवल्या. नव्या खोलीच्या मधोमध ती मळकी वाट फारच ओंगळ दिसत होती. सर्टिफिकेट दात घासत बाहेर आला आणि बघतच राहिला.

"हे काय, वहिनी? गोठा करायचाय का घराचा?"

ती सासूसमोर जाऊन उभी राहिली. "आई, खोक्यात काय चाललंय ते तुम्ही स्वतः येऊन बघा. दुसऱ्या कोणाचं ऐकू नका. माझंही नको."

"चालता येतं का मला?"

"येतं. उतरून बघा."

"हिचं डोकं फिरलंय," धाकटा म्हणाला.

म्हाताऱ्या बाईने दोघांकडे पाहिलं. दोघांविषयीही तिला सारखंच वाटत असावं, असा तिचा चेहरा होता. मग तिने पाय खाली सोडले. गोणपाटावर टाच रोवली. उभी राहिली. पाय सरकला नाही. तिने खाली बघितलं, एक पाऊल टाकलं, मग दुसरं. तिसऱ्या पावलाला थोरलीने हात पुढे केला.

"हात नको," सासू म्हणाली. "बाजूला हो."

पाच महिन्यांनी ती दारातून बाहेर पडली. अंगणात माती होती, तिथे तर ती ताठ चालली. शेडच्या दाराशी जाऊ कोपरापर्यंत ओले हात घेऊन उभी राहिली. घुम्या तळ्याकडून येत होता, तो थांबला. उबवणीच्या खोलीशी आल्यावर तिने कमरेची किल्ली काढून स्वतःच कुलूप उघडलं.

आत बसायला काही नव्हतं. थोरलीने कोपऱ्यातली घुम्याची बादली उपडी केली आणि सासू तिच्यावर बसली.

थोरलीने काळ्या ठिपक्याचं पिल्लू आणून खोक्यात गोणपाटावर सोडलं. ते चाललं. मग उचलून उरलेल्या तावावर ठेवलं. ते पसरलं. सासू बघत राहिली. तिने स्वतः हात घालून तीन वेगवेगळी पिल्लं उचलली, इकडे ठेवली, तिकडे ठेवली. मग तावावर आपला तळवा टेकवला आणि सरकवून पाहिला. धाकटा मागून म्हणाला की पुस्तकात असं कुठेही नाही.

"तुझ्या पुस्तकाला पाय आहेत का?" सासू म्हणाली.

थोरलीला छातीत मोकळं वाटलं. तिने दिराच्या चेहऱ्याकडे मनसोक्त पाहून घेतलं. हा क्षण तिने चार दिवस मनात घोळवला होता आणि तो तिला हवा होता तसाच मिळाला.

"किती गेली?" सासूने विचारलं.

"एकोणचाळीस."

"हा ताव घातला कधी?"

"दोन महिने झाले."

"आणि तू रोज इथे येत होतीस."

"पाच वेळा."

"मग दोन महिन्यांत तुला हे दिसलं कसं नाही?"

थोरलीने तोंड उघडलं. उत्तर अगदी जिभेवर होतं आणि ते किती घाणेरडं होतं हे तिला आत्ता कळलं. दारात नवरा उभा होता. तोही उत्तराची वाट बघत होता. एकोणचाळीस पिल्लं त्याच्या हातांनी गेली होती.

"मी बघितलंच नाही," ती म्हणाली. "त्यांनी घातलेल्या तावाला हात लावायचा नव्हता मला."

सासूने मान डोलावली. ते तिला आधीच माहीत असावं.

"निम्मी ह्याच्या अकलेने मेली," ती म्हणाली. "निम्मी तुझ्या नाकाने."

मग तिने किल्ली थोरलीच्या हातात ठेवली. रोज मागायला येऊ नकोस, तुझ्याकडेच राहू दे, असं म्हणाली. आणि लगेच पुढचंही सांगितलं. आता पाय आलेत, तर मी रोज इथे येऊन बसेन. सकाळी आणि संध्याकाळी. तुमच्यातला कोण काय बघत नाही ते मी बघेन. मागोमाग येऊन दाराशी थांबलेली जाऊ वळली आणि ओले हात पुसत शेडकडे गेली. थोरलीला तिची पाठ दिसली, आणि पहिल्यांदाच तिला त्या पाठीला नावं ठेवता आली नाहीत.

टेम्पोचा हॉर्न वाजला. धाकटा सुटका झाल्यासारखा बाहेर गेला.

खोली थोरलीची राहिली होती. बादलीवर सासू बसली होती आणि उठायचं चिन्ह नव्हतं. थोरली गुडघ्यांवर बसली, पिल्लं एका बाजूला केली आणि तावाची कड नखाने उचलून तो ओढून काढला. खाली चिकटलेली घाण तिच्या हातांना लागली. काळ्या ठिपक्याचं पिल्लू वाकड्या बोटाने चालत तिच्या मनगटाशी आलं आणि ओरडू लागलं.

"ते टेम्पोवाला घेणार नाही," सासू म्हणाली. "बोट वाकडं आहे त्याचं."

"माहीत आहे. राहील ते इथेच," थोरली म्हणाली.

दारात घुम्या अजून उभा होता. त्याने बादलीकडे पाहिलं, बादलीवर बसलेल्या आईकडे पाहिलं, आणि महिन्याचं पाचवं वाक्य बोलला.

"मग बादली कशाला हवी."

तो गेला. थोरलीने दुसऱ्या खोक्याच्या तावाला हात घातला.